पंचांग आपणच वाचू या

मालवणच्या किनाऱ्यावर पंचांग नाही असे घर विरळा. कुणाकडे देव्हाऱ्याशेजारी पंचांगाची चोपडी असते. कुणाकडे भिंतीला दिनदर्शिका टांगलेली असते. पण ती वाचायची कुणी? आजवर आपण दुसऱ्याला विचारीत आलो. "भटजी, एकादस आज की उद्या?" "मास्तर, मिरग कधी लागतो?" "तांडेल, उधाण कधी?" त्यांनी सांगितले की आपण मान डोलावली.

आता तुम्हांला अक्षर येते. आकडाही येतो. मग पंचांग तुम्हीच का वाचू नये? पंचांग म्हणजे काही गुप्त मंत्रांची पोथी नव्हे. तो सूर्याचा नि चंद्राचा हिशेब आहे. दुकानदार जशी वही ठेवतो, तशी ही आकाशाची वही आहे.

या पाठात आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत. हा हिशेब कसा चालतो, ही पहिली. शेतीला नि दर्याला तो कसा उपयोगी पडतो, ही दुसरी. आणि पंचांग कोठे थांबते, ही तिसरी. तिसरी गोष्ट नीट ध्यानात ठेवा. तिच्यावर कधी कधी माणसाचा जीव अवलंबून असतो.

पाच अंगे

पंचांग म्हणजे पाच अंगे. ती अशी : तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण.

वार तुम्हांला ठाऊकच आहे. रविवारपासून शनिवारपर्यंत सात वार. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. पंचांगातला वार सूर्य उगवल्यावर बदलतो.

नक्षत्र म्हणजे चंद्राचे मुक्कामाचे गाव. चंद्र आकाशात रोज थोडा पुढे सरकतो. सुमारे सत्तावीस दिवसांत तो एक फेरी पुरी करतो. त्या वाटेचे आपल्या पूर्वजांनी २७ भाग पाडले. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी अशी त्यांना नावे दिली. आज चंद्र कोणत्या भागात आहे, तेच आजचे नक्षत्र.

योग आणि करण ही आणखी दोन मापे. सूर्याची जागा नि चंद्राची जागा यांची बेरीज करून योग काढतात. योग २७ आहेत. तिथीचा अर्धा भाग म्हणजे करण. करणांची नावे ११ आहेत. ही दोन्ही मुख्यतः मुहूर्त काढताना लागतात. रोजच्या कामात आपल्याला त्यांची गरज फारशी पडत नाही.

राहिली तिथी. तीच सर्वांत कामाची.

तिथी म्हणजे काय?

पुष्कळ लोक समजतात, तिथी म्हणजे दिवस. तसे नाही. तिथी म्हणजे अंतर. सूर्य आणि चंद्र यांच्यामधले अंतर.

अवसेला सूर्य नि चंद्र आकाशात एका बाजूला असतात. म्हणून चंद्र दिसत नाही. मग चंद्र पुढे पळू लागतो. आकाशाच्या पूर्ण गोलाचे ३६० भाग कल्पिले आहेत. चंद्र दिवसाला सुमारे १३ भाग चालतो. सूर्य सुमारे १ भाग सरकतो. म्हणजे चंद्र रोज सूर्याच्या पुढे सुमारे १२ भाग जातो. हे १२ भागांचे अंतर पडले की एक तिथी झाली. पहिले १२ भाग म्हणजे प्रतिपदा. दुसरे १२ म्हणजे द्वितीया. असे मोजत गेलो की १८० भागांवर पुनव येते. तेव्हा चंद्र सूर्याच्या अगदी समोर असतो. सूर्य मावळतो नि चंद्र उगवतो. तेथून पुढे परत अवसेकडे वाटचाल. पुनवेपर्यंतचा तो शुद्ध पक्ष. नंतरचा तो वद्य पक्ष. दोन्ही मिळून ३० तिथी.

हे पंचांगाशिवायही पाहता येते. दिवेलागणीला चंद्राची बारीक कोर पश्चिमेला दिसली, तर समजा शुद्ध द्वितीया-तृतीया असावी. सूर्य मावळताना अर्धा चंद्र डोक्यावर असला, तर शुद्ध अष्टमीच्या आसपास आहे. अर्धा चंद्र मध्यरात्री उगवला, तर वद्य अष्टमी जवळ आहे. दर्यावर जाणारे जुने लोक घड्याळाशिवाय असाच अंदाज बांधीत.

एकादशी आज की उद्या?

आता नेहमीचा वाद घेऊ. शेजारच्या वाडीत एकादशी आज, आपल्याकडे उद्या. कधी कधी पंचांगात एक तिथी दोन दिवस दिसते. कधी एखादी गायबच होते. असे का?

चंद्राची चाल सारखी नसते. पृथ्वीच्या जवळ आला की तो झपाझप चालतो. लांब गेला की हळू चालतो. म्हणून तिथी कधी सुमारे २० तासांत संपते, तर कधी २६ तासांहून जास्त चालते. दिवस मात्र २४ तासांचाच. मग दोघांचा मेळ कसा घालायचा? त्यासाठी एक नियम केला आहे. सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल, ती त्या दिवसाची तिथी.

एक उदाहरण करू. समजा, सूर्य साडेसहाला उगवतो. सोमवारी सकाळी सात वाजता नवमी लागली. मंगळवारी पहाटे पाच वाजता ती संपली. सोमवारच्या सूर्योदयाला ती नव्हती. मंगळवारच्या सूर्योदयालाही ती राहिली नाही. म्हणजे कुठल्याच दिवसाला तिचे नाव मिळाले नाही. याला तिथीचा क्षय म्हणतात.

आता उलटे पाहा. सोमवारी पहाटे पावणेसहाला नवमी लागली. मंगळवारी सकाळी सव्वासातला संपली. दोन सूर्योदय तिने पाहिले. म्हणून दोन्ही दिवस नवमी. याला तिथीची वृद्धी म्हणतात.

काही सणांना मात्र सूर्योदयाचा नियम चालत नाही. गणेश चतुर्थीला दुपारची तिथी पाहतात. संकष्टीला चंद्र उगवतानाची चतुर्थी पाहतात. कृष्णजन्माला मध्यरात्रीची अष्टमी. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळची अवस. २०२४ साली अवस ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपली. दोन्ही दिवशी तिने संध्याकाळ गाठली. मग देशात काही ठिकाणी लक्ष्मीपूजन ३१ तारखेला झाले. महाराष्ट्रात बहुतेकांनी १ तारखेला केले. आकाशातला चंद्र एकच होता. फरक होता तो नियम लावण्यात. तेव्हा अशा गोष्टीवरून वाडीवाडीत भांडण करण्याचे कारण नाही.

अधिक महिना कशासाठी?

चंद्राचा एक महिना सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो. असे बारा महिने केले तर ३५४ दिवस होतात. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी ११ दिवसांची तूट पडते. ती भरून काढली नाही, तर काय होईल? काही वर्षांनी दिवाळी भर पावसात येईल. पुढे ती उन्हाळ्यात जाईल.

म्हणून ही तूट साठत साठत सुमारे महिनाभराची झाली, की एक महिना जास्तीचा धरतात. तो अधिक महिना. काही जण त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. साधारण साडेबत्तीस ते तेहेतीस महिन्यांनी तो येतो. तो ओळखण्याची खूण अशी. एरवी चंद्राच्या प्रत्येक महिन्यात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो. ज्या महिन्यात तो रास बदलत नाही, तो महिना अधिक.

गणेश चतुर्थीच्या तारखा पाहा, म्हणजे हे पटेल. चतुर्थी म्हणजे आपल्या कोकणचा जीव की प्राण. मुंबईचे चाकरमानी याच तारखा पाहून रजा काढतात. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. २०२५ साली ती २७ ऑगस्टला आली. म्हणजे ११ दिवस आधी. २०२६ साली पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणून त्या वर्षी चतुर्थी एकदम पुढे जाऊन १४ सप्टेंबरला येते. दोन वर्षे मागे सरकायचे, मग एक उडी पुढे मारायची, असा हा खेळ आहे.

आपले मुसलमान बांधवही चंद्राचेच महिने मोजतात. त्यांच्यात अधिक महिना नाही. म्हणून रमजान नि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात आणि सगळ्या ऋतूंतून फिरतात. चंद्र तोच, पण हिशेबाची रीत वेगळी.

मिरगाचा पाऊस

अधिक ज्येष्ठ म्हटला की लग्ने थांबतात. पण पाऊस थांबतो का? नाही. कारण पाऊस चंद्राच्या मागे जात नाही. ऋतू होतात ते सूर्यामुळे. म्हणून पावसासाठी आपले शेतकरी चंद्राचे नक्षत्र धरीत नाहीत. ते सूर्याचे नक्षत्र धरतात.

सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास राहतो. तो २५ मेच्या सुमारास रोहिणीत जातो. ७-८ जूनला मृगात, म्हणजे आपल्या मिरगात. २१-२२ जूनला आर्द्रात. मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. शेवटी सप्टेंबर अखेरीला हस्त लागतो. इंग्रजी तारीखही सूर्यावरच चालते. म्हणून मिरगाची तारीख फारशी हलत नाही. तिथी हलते, मिरग हलत नाही. मकरसंक्रांतही अशीच सूर्याची. म्हणून तीही १४-१५ जानेवारीलाच येते.

रोहिणीत कुणग्यात धूळपेर करावी, मिरगात तरवा रुजावा, आर्द्राच्या पुढे लावणीची घाई, हा क्रम आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या पाऊस पाहून बसविला. तो टाकाऊ नाही. पण तो सरासरीचा हिशेब आहे. त्यात यंदाचा पाऊस लिहिलेला नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. मिरग तेव्हा दोन आठवडे दूर होता. जे मिरगाच्या भरवशावर स्वस्थ बसले, त्यांची धांदल उडाली.

पंचांगात प्रत्येक पाऊस-नक्षत्राला एक वाहन दिलेले असते. कधी बेडूक, कधी हत्ती, कधी गाढव. बेडूक आला की लोक म्हणतात, यंदा पाऊस लागणार. ही वाहने नक्षत्रांच्या आकडेमोडीने ठरतात. ढग, वारा नि हवेचा दाब पाहून ती ठरत नाहीत. म्हणून वाहन वाचा, गंमत करा. पण बियाणे मातीत टाकण्यापूर्वी आकाशवाणीवर हवामानाचा अंदाज ऐका.

तिथीवरून भरती

आता दर्याकडे वळू. येथे पंचांग अगदी खरे उतरते. कारण भरती-ओहोटी चंद्रच घडवितो. सूर्यही त्यात थोडा हात लावतो.

चंद्र समुद्राचे पाणी ओढतो. सूर्यही ओढतो. अवसेला नि पुनवेला दोघे एका रेषेत येतात. दोघांचा जोर एकत्र लागतो. म्हणून पाणी फार वर चढते आणि फार खालीही जाते. हेच उधाण. अवस-पुनवेला नि पुढचे एक-दोन दिवस उधाणाचा जोर असतो. अष्टमीच्या सुमारास दोघे आडवे-उभे ओढतात. जोर तुटतो. त्याला भांग म्हणतात. भांगाला पाणी थोडेच चढते, थोडेच उतरते.

भरतीची वेळही तिथीवरून काढता येते. आपल्या किनाऱ्यावर अवसेला नि पुनवेला भरती साधारण अकरा-बाराच्या सुमारास पुरी होते, दिवसाही आणि रात्रीही. पुढे दर तिथीला ती सुमारे ४८ मिनिटे उशिरा होते. समजा, पुनवेला साडेअकराला भरती पुरी झाली. मग वद्य पंचमीला किती वाजता? पाच तिथी गुणिले ४८ मिनिटे. झाली २४० मिनिटे, म्हणजे ४ तास. साडेअकरात ४ तास मिळवा. साडेतीन वाजता. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. म्हणजे पुनवेला संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी खूप खाली जाते. कालवे नि मुळे काढणाऱ्या बायकांना ही वेळ बरोबर ठाऊक असते.

हा हिशेब ठोकळ आहे. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो. बारीक हिशेब हवा, तर भरती-ओहोटीची छापील कोष्टके मिळतात, ती पाहावीत. पण एवढ्या ठोकळ हिशेबानेही नुकसान टळते. उधाणाच्या आदल्या दिवशी होडी वर ओढून बांधा. खाडीकाठच्या बांधाला कोठे भोक पडले आहे का ते पाहा. एकदा खारे पाणी कुणग्यात शिरले, की पुढचे पीक हातचे जाते. आणि अवसेला लोक जे भितात, त्यातली खरी भीती ही आहे. ती भुताची नव्हे, पाण्याची आहे.

घटका आणि मुहूर्त

जुन्या काळी घड्याळे नव्हती. तेव्हा दिवसाच्या ६० घटका करीत. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. अडीच घटकांचा एक तास होतो. घटकेची ६० पळे. एक पळ म्हणजे २४ सेकंद.

घटका मोजायला पाण्याचे घंगाळ नि तांब्याची छोटी वाटी लागे. वाटीच्या तळाला बारीक छिद्र असे. वाटी पाण्यावर सोडीत. छिद्रातून पाणी आत येई. वाटी भरली नि बुडाली, की एक घटका झाली. लग्नात भटजी याच वाटीवर नजर ठेवून बसत. "घटका भरली" असे आपण अजून म्हणतो, ते यावरूनच.

मुहूर्त हेही मुळात एक माप आहे. दोन घटका म्हणजे एक मुहूर्त. म्हणजे ४८ मिनिटे. दिवस-रात्र मिळून ३० मुहूर्त. पुढे या मापाला चांगल्या वेळेचा अर्थ आला. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण यांचे नियम लावून लग्नाची, मुंजीची, घर बांधण्याची वेळ काढू लागले. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदा या साडेतीन मुहूर्तांना तर वेगळी वेळ काढावी लागत नाही, असे मानतात.

सगळेच पंचांगावर चालते असेही नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला लाखो लोक येतात. त्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. गावकरी देवीचा कौल घेतात आणि दिवस ठरवितात. उलट कुणकेश्वरची जत्रा माघ वद्य चतुर्दशीला, महाशिवरात्रीलाच भरते. प्रत्येक गावाची रीत निराळी.

पंचांग कोठे थांबते?

आता तिसरी गोष्ट. पंचांगात दोन प्रकारचा मजकूर असतो. एक हिशेबाचा, दुसरा समजुतीचा.

चंद्र कधी उगवेल, पुनव कधी, ग्रहण कधी, उधाण कधी, हा हिशेब आहे. तो डोळ्यांनी पडताळता येतो. पंचांगात ग्रहण लिहिले असेल, तर ते त्या वेळी लागतेच. अमुक वेळ शुभ, तमुक अशुभ, ही समजूत आहे. ती आकाशाकडे पाहून पडताळता येत नाही. ज्याची त्याची श्रद्धा. आम्ही कुणाच्या श्रद्धेला नावे ठेवीत नाही. मुहूर्ताने घरात आनंद होतो. चार माणसे एका वेळी जमतात. तेही चांगलेच. पण काही कामांना मुहूर्त नसतो. ती अशी :

साप चावला, तर वार पाहू नका. तडक दवाखान्यात न्या.

बाळंतिणीला कळा लागल्या, तर अवस आहे म्हणून थांबू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. गाडी येते, पैसे पडत नाहीत.

पोराला जुलाब लागले, ताप चढला, तर नक्षत्र बदलण्याची वाट पाहू नका.

मुहूर्त जवळचा आहे म्हणून अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचे लग्न करू नका. ते कायद्याविरुद्ध आहे आणि तिच्या जिवालाही धोक्याचे आहे.

अधिक महिन्यात जावयाला वाण देण्यासाठी कर्ज काढू नका. नारळ नि सुपारीनेही मान होतो.

आणि दर्यावर जाताना तिथीबरोबर बावटाही पाहा. १६ मे २०२१ चा रविवार आठवतो ना? त्या दिवशी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. होड्या फुटल्या. माड नि आंबे उन्मळून पडले. गावेच्या गावे अंधारात गेली. त्या दिवशी ना अवस होती ना पुनव. वैशाख शुद्ध चतुर्थी होती. दोनच दिवसांपूर्वी अक्षय्य तृतीया झाली होती, साडेतीन मुहूर्तांतली. पंचांगाने वादळ सांगितले नाही. ते त्याचे कामच नव्हे. इशारा दिला तो हवामान खात्याने, दोन-तीन दिवस आधी. ज्यांनी तो ऐकला नि होड्या आत घेतल्या, त्यांचे बरेच वाचले.

उधाण पंचांगाला विचारा. वादळ हवामान खात्याला विचारा. दुखणे डॉक्टरला विचारा. ज्याचे काम त्याला विचारावे.

तिथी आणि तारीख

मग तारीख हवी की तिथी? दोन्ही हव्यात. बँक, तलाठी, शाळा, रेशन, कोर्ट, सगळीकडे तारीखच चालते. बाळ जन्मले की २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करायची असते. तेथे "मिरगात जन्मला" असे सांगून भागत नाही. तेव्हा बाळाची तिथी लिहून ठेवा, पण तारीख आधी लिहा.

तिथीचाही एक मोठा गुण आहे. समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी त्याच्या पायाभरणीची पूजा मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याजवळ केली. दिवस होता शके १५८६, मार्गशीर्ष वद्य द्वितीया. पुस्तकांत तारीख २५ नोव्हेंबर १६६४ अशी देतात. ती इंग्रजांच्या जुन्या कालगणनेची आहे. पुढे इंग्रजांनी आपली कालगणना सुधारली. आजच्या गणनेने तोच दिवस ५ डिसेंबरला येतो. तारीख दहा दिवसांनी हलली. वद्य द्वितीया मात्र हलली नाही. कारण ती चंद्राला बांधलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर देशात किती पंचांगे चालतात ते सरकारने पाहिले. सुमारे ३० निघाली. म्हणून १९५२ साली शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्या सल्ल्याने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. पुढे १९७३ साली भिंतीवर टांगायची 'कालनिर्णय' दिनदर्शिका निघाली. तारीख नि तिथी एका चौकोनात आली. ती काढणारे जयंतराव साळगावकर हे आपल्या मालवणचेच. त्यांचा जन्म येथे १९२९ साली झाला. जे पूर्वी जाणत्यांच्या चोपडीत होते, ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले. आता ते वाचायला फक्त अक्षर हवे. आणि ते तर तुम्ही शिकलात.

करून पाहा

१. घरातली दिनदर्शिका काढा. आजची तारीख, वार आणि तिथी वहीत लिहा.

२. पुढची अवस नि पुनव कधी आहे? त्या तारखांना खूण करा. तुमची होडी किंवा बांध किनाऱ्याजवळ असेल, तर आधीच्या दिवशीही खूण करा.

३. शुद्ध द्वितीयेपासून पुनवेपर्यंत रोज दिवेलागणीला चंद्र पाहा. तो आकाशात कोठे आहे ते लिहा. शेजारी तिथी लिहा.

४. शुद्ध सप्तमीला भरती सुमारे किती वाजता पुरी होईल? वर सांगितलेल्या रीतीने गणित करा. मग बंदरावर जाऊन पाण्याकडे पाहा नि ताडून घ्या.

५. १०८ हा आकडा दिनदर्शिकेच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवा.